गेम स्ट्रीमिंगमधील रिझोल्यूशन व फ्रेम रेटच्या मर्यादा

दूरचित्रवाणी संचावरील गेम स्ट्रीमिंग म्हणजे एका ठिकाणच्या संगणकावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमचे चित्र व ध्वनी जाळ्यातून दुसऱ्या ठिकाणच्या संचावर दाखवणे आणि खेळाडूने कंट्रोलरवर दिलेल्या आज्ञा त्याच मार्गाने उलट पाठवणे होय. यात गेम प्रत्यक्ष संचात चालत नाही. संच केवळ येणारे चित्र उलगडून दाखवतो. या चित्राचा दर्जा मुख्यतः दोन संख्यांनी सांगितला जातो. एका चौकटीत किती चित्रबिंदू आहेत ही पहिली संख्या म्हणजे रिझोल्यूशन, आणि दर सेकंदाला किती चौकटी दिसतात ही दुसरी संख्या म्हणजे फ्रेम रेट.

संचाच्या खोक्यावर किंवा सेवेच्या जाहिरातीत '४के' व '१२० एफपीएस' असे जे आकडे असतात, ते संपूर्ण मार्गातील एखाद्याच घटकाची कमाल क्षमता सांगतात. पडद्यावर प्रत्यक्ष दिसणारे चित्र मात्र सर्व्हर, इंटरनेट जोडणी, घरातील वाय-फाय, संचातील डिकोडर, एचडीएमआय जोडणी आणि पडदा या सर्वांमध्ये ज्याची क्षमता सर्वांत कमी असेल त्यानुसार ठरते. इमारतीच्या गच्चीवरील टाकी कितीही मोठी असली तरी नळाची धार मधल्या सर्वांत अरुंद नळीवर ठरते, तसाच हा प्रकार आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दाट वस्तीच्या शहरांमध्ये ही 'अरुंद नळी' पुष्कळदा घराबाहेर नसून घरातच असते. त्यामुळे इंटरनेटची महाग योजना घेऊनही चित्रात फरक पडत नाही, असे घडू शकते.

परिभाषा

रिझोल्यूशन: चौकटीतील चित्रबिंदूंची, म्हणजेच पिक्सेलची, आडवी व उभी संख्या. भौतिकशास्त्रात यासाठी 'विभेदन' ही संज्ञा वापरली जाते; व्यवहारात मात्र रिझोल्यूशन हाच शब्द रूढ आहे. प्रचलित प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत.

• ७२०पी: १२८० × ७२०, एकूण ९,२१,६०० बिंदू
• 'एचडी रेडी' संचांचा पडदा: बहुधा १३६६ × ७६८, एकूण १०,४९,०८८ बिंदू
• १०८०पी किंवा फुल एचडी: १९२० × १०८०, एकूण २०,७३,६०० बिंदू
• १४४०पी: २५६० × १४४०, एकूण ३६,८६,४०० बिंदू
• ४के: ३८४० × २१६०, एकूण ८२,९४,४०० बिंदू

यावरून दिसते की ४के चित्रात फुल एचडीच्या चौपट आणि ७२०पीच्या नऊपट बिंदू असतात.

फ्रेम रेट: दर सेकंदाला तयार होणाऱ्या चौकटींची संख्या, ही एफपीएस या एककात सांगतात. ३० एफपीएसला एक चौकट ३३.३ मिलिसेकंद पडद्यावर राहते, ६० एफपीएसला १६.७ आणि १२० एफपीएसला ८.३ मिलिसेकंद.

रिफ्रेश रेट: संचाचा पडदा दर सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो ती संख्या; एकक हर्ट्झ. फ्रेम रेट हा चित्राचा गुण आहे, तर रिफ्रेश रेट हा पडद्याचा.

बिटरेट: दर सेकंदाला जाळ्यातून वाहणारी माहिती, एकक एमबीपीएस, म्हणजे दर सेकंदाला दहा लाख बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे ३० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला ३० नव्हे, तर ३.७५ मेगाबाइट माहिती येते.

विलंब: बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतचा काळ. खेळाडूंच्या बोलीत याला 'लॅग' म्हणतात.

पार्श्वभूमी

भारतातील दूरचित्रवाणीची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्र ६२५ ओळींचे असे. त्यांपैकी ५७६ ओळी प्रत्यक्ष दिसत. सेकंदाला २५ पूर्ण चौकटी, म्हणजेच एकाआड एक ओळींची ५० अर्धचित्रे, दाखवली जात. हा ५० चा आकडा देशातील विद्युतपुरवठ्याच्या ५० हर्ट्झ वारंवारतेशी जुळवलेला होता. अमेरिका व जपानमध्ये मात्र ६० अर्धचित्रांची पद्धत होती.

या फरकाचा परिणाम खेळांवरही झाला. ६० च्या गतीसाठी बनवलेला गेम कोणताही बदल न करता ५० च्या गतीने चालवला तर तो सुमारे एक षष्ठांशाने मंदावतो. १९९० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांमध्ये संचाला जोडली जाणारी, कॅसेट घालून खेळायची आठ-बिटी यंत्रे आली. ती बहुतांशी जपानी फॅमिकॉम यंत्राच्या धर्तीची होती आणि त्यांचे चित्र २५६ × २४० बिंदूंचे असे. चित्र खडबडीत असले तरी यंत्र संचाला तारेने थेट जोडलेले असल्यामुळे आणि चित्रनलिकेच्या संचात प्रक्रियेस वेळ लागत नसल्यामुळे बटण दाबताच पात्र उडी मारत असे. चित्राची स्पष्टता आणि प्रतिसादाची तत्परता या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे त्यावरून लक्षात येते. गेम स्ट्रीमिंगमध्ये पहिली बाब पुष्कळ सुधारली, पण दुसरी टिकवणे कठीण झाले.

गेम स्ट्रीमिंगचा विकास

गेम स्ट्रीमिंगचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात दूरच्या माहितीकेंद्रातील सर्व्हरवर गेम चालतो; याला क्लाउड गेमिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात घरातल्याच संगणकावर किंवा कन्सोलवर चालणारा गेम घरातल्या जाळ्यातून दुसऱ्या खोलीतील संचावर दाखवला जातो.

क्लाउड गेमिंगमध्ये ऑनलाइव्ह ही सेवा अमेरिकेत जून २०१० मध्ये सुरू झाली. तिची मर्यादा ७२०पी व ६० एफपीएस अशी होती. ती एप्रिल २०१५ मध्ये बंद पडली. गूगलची स्टेडिया सेवा १९ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाली. तिने ४के व ६० एफपीएसची सोय दिली आणि त्यासाठी ३५ एमबीपीएसची जोडणी सुचवली. भारतात ती कधीच आली नाही आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ सेवा फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. २०२१ मध्ये ती एलजीच्या काही संचांवर चाचणी स्वरूपात १०८०पी व ६० एफपीएसपर्यंत उपलब्ध झाली. २०२३ पासून तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीत ४के व १२० एफपीएसची सोय आहे. मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग सेवा २०२२ मध्ये सॅमसंगच्या संचांवर आली.

भारतात जिओने २०२२ मध्ये आपल्या क्लाउड गेमिंग सेवेची चाचणी आवृत्ती आणली. ती मोबाइल व ब्राउझरबरोबरच जिओच्या सेट-टॉप बॉक्सवरही चालते. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आपली सेवा भारतात आणण्याची घोषणा केली. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली.

घरगुती स्ट्रीमिंगमध्ये वाल्व्ह कंपनीने २०१४ मध्ये स्टीम या प्रणालीत ही सोय दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याच कंपनीने संचाला जोडण्याचे स्टीम लिंक हे छोटे यंत्र काढले. त्याची मर्यादा १०८०पी व ६० एफपीएस होती. २०१८ मध्ये हे यंत्र बंद करून त्याची जागा अँड्रॉइड ॲपने घेतली. प्लेस्टेशनच्या रिमोट प्ले सुविधेत साध्या प्लेस्टेशन ४ वर ७२०पी, तर प्लेस्टेशन ४ प्रो व प्लेस्टेशन ५ वर १०८०पी ही मर्यादा आहे. मूनलाइट व सनशाइन ही मुक्त-स्रोत साधनेही या कामासाठी वापरली जातात.

कार्यपद्धती

सर्व्हरवर तयार झालेली प्रत्येक चौकट आहे तशी पाठवणे शक्य नसते. १०८०पी चित्रात प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर ६० एफपीएसला सेकंदाला सुमारे २९८.६ कोटी बिट, म्हणजे जवळजवळ ३००० एमबीपीएस लागतील. ४के चित्राला हेच प्रमाण सुमारे १२,००० एमबीपीएस होते. म्हणून चित्राचे संकोचन करतात. यासाठी एच.२६४ (२००३), एचईव्हीसी (२०१३) व एव्ही१ (२०१८) ही प्रमाणे प्रचलित आहेत. ३००० एमबीपीएसचे चित्र २० एमबीपीएसमध्ये बसवायचे म्हणजे दीडशे भागांतील एक भाग ठेवून उरलेले अंदाजाने भरून काढायचे. शांत दृश्यात हे सहज साधते. पाऊस, धूर, पाचोळा किंवा भरधाव मोटार अशा दृश्यांत मात्र प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीहून फार वेगळी असल्याने चित्र फुटते व त्यात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. त्या क्षणी रिझोल्यूशनचा आकडा तोच असतो, पण तपशील हरवलेला असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणतात. सर्व्हरकडून न आलेला तपशील ४के पडदा निर्माण करू शकत नाही.

चित्रपट पाहताना ॲप पुढील काही सेकंदांचे चित्र आधीच साठवून ठेवते. त्यामुळे जोडणी क्षणभर अडखळली तरी प्रेक्षकाला कळत नाही. खेळात पुढचे चित्र खेळाडूच्या कृतीवर अवलंबून असल्याने असा साठा करता येत नाही. याच कारणाने ज्या घरात ४के चित्रपट विनाअडथळा दिसतो, त्याच घरात १०८०पी गेम अडखळू शकतो.

मर्यादा ठरवणारे घटक

सेवा व वर्गणीची श्रेणी: बहुतेक सेवा वर्गणीच्या श्रेणीनुसार रिझोल्यूशन व फ्रेम रेट ठरवून देतात. एकाच सेवेची संगणकावरील मर्यादा आणि दूरचित्रवाणी ॲपवरील मर्यादा वेगवेगळी असू शकते.

बिटरेट: जीफोर्स नाऊ सेवेने ७२०पी व ६० एफपीएससाठी १५ एमबीपीएस, १०८०पी व ६० एफपीएससाठी २५ एमबीपीएस आणि ४के व १२० एफपीएससाठी ४५ एमबीपीएस जोडणी सांगितली आहे. जोडणीचा वेग मधूनच नव्हे, तर अखंड मिळणे आवश्यक असते. २५ एमबीपीएसने एका तासात ११.२५ जीबी माहिती खर्च होते. रोज दोन तास खेळल्यास महिन्याला ६७५ जीबी होतात. अनेक घरगुती फायबर योजनांत दरमहा ३३०० जीबीची मर्यादा असते, तिच्यात हा वापर बसतो. मोबाइलच्या रोज दीड-दोन जीबीच्या योजनेत मात्र तो दहा-पंधरा मिनिटेही पुरत नाही.

अंतर व विलंब: काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर आहे. म्हणजे जाण्या-येण्यास किमान ३९ मिलिसेकंद लागतात. केबल वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक लागतात. ६० एफपीएसच्या हिशेबाने हा दोन चौकटींहून मोठा काळ आहे. हा विलंब जोडणीचा वेग वाढवून कमी होत नाही.

डिकोडर: संचातील किंवा स्ट्रीमिंग स्टिकमधील डिकोडर चिप कोणते संकोचन प्रमाण, किती रिझोल्यूशन व किती फ्रेम रेट पेलू शकते, ही पक्की मर्यादा असते. काही चिप ४के चित्र उलगडू शकतात, पण ६० एफपीएसपर्यंतच. त्यामुळे १२० हर्ट्झचा पडदा असूनही संचातील ॲपमध्ये ६० एफपीएसच मिळू शकतात. अनेक स्मार्ट संचांतील केबलची जागा १०० एमबीपीएसचीच असते. क्लाउड गेमिंगला ती पुरेशी आहे. घरगुती स्ट्रीमिंगमध्ये याहून जास्त बिटरेट ठेवायचा असल्यास मात्र ती अडथळा ठरते.

एचडीएमआय जोडणी: कन्सोल, संगणक किंवा सेट-टॉप बॉक्स संचाला जोडताना एचडीएमआयची आवृत्ती महत्त्वाची असते. १.४ आवृत्तीत ४के चित्र ३० एफपीएसपर्यंत, २.० मध्ये ६० एफपीएसपर्यंत आणि २.१ मध्ये १२० एफपीएसपर्यंत जाते. एकाच संचाच्या सर्व एचडीएमआय जागा सारख्या क्षमतेच्या नसतात.

पडदा व ५०-६० हर्ट्झचा प्रश्न: भारतातील प्रसारणाचा वारसा ५० हर्ट्झचा असल्याने सेट-टॉप बॉक्सचे आउटपुट कधीकधी ५० हर्ट्झवर ठेवलेले असते. गेमचा प्रवाह मात्र ६० एफपीएसचा असतो. अशा वेळी दर सहा चौकटींपैकी एक गाळली जाते आणि वेग व सर्व्हर उत्तम असूनही हालचाल ठरावीक अंतराने झटके देत असल्यासारखी दिसते. आउटपुट ६० हर्ट्झवर ठेवल्यास हा दोष नाहीसा होतो. तसेच खोक्यावरील 'मोशन रेट २००' यांसारखे आकडे पडद्याचा खरा रिफ्रेश रेट दाखवत नाहीत.

संचाची चित्रप्रक्रिया: चित्र गुळगुळीत करण्यासाठी संच चौकटी रोखून धरून त्यांच्यामध्ये कृत्रिम चौकटी घालतो. यामुळे विलंब वाढतो. 'गेम मोड' चालू केल्यास ही प्रक्रिया बंद होऊन संचाचा स्वतःचा विलंब लक्षणीय घटतो.

बसण्याचे अंतर: सामान्य दृष्टीला एक कलामिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या कोनातील दोन बिंदू वेगळे दिसतात. या हिशेबाने ४३ इंची फुल एचडी संचाचे बिंदू सुमारे १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फुटांपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत. ५५ इंची संचासाठी हे अंतर सुमारे सात फूट आहे. ४३ इंची संचासमोर आठ फुटांवर बसणाऱ्यास १०८०पी व ४के यांतील बिंदूंचा फरक डोळ्यांना जाणवणे कठीण आहे. बिटरेटमुळे फुटलेले चित्र मात्र याच अंतरावरून स्पष्ट दिसते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. दूरध्वनीच्या सरकारी व्यवस्थेत ही दोन शहरे वेगवेगळ्या संस्थांकडे होती. ठाणे शहर मुंबईबरोबर महानगर टेलिफोन निगमच्या क्षेत्रात, तर कल्याण-डोंबिवली भारत संचार निगमच्या क्षेत्रात. त्यामुळेच ठाण्याचा संकेतांक ०२२ आणि कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ आहे. मोबाइल परवान्यांच्या दृष्टीने मात्र कल्याणचाही समावेश मुंबई विभागात होतो.

२००५ मध्ये या दोन्ही निगमांनी तांब्याच्या दूरध्वनी तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस अशी होती. ती २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आली. आजच्या या किमान व्याख्येतील वेगाने ७२०पी गेमही चालू शकत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे योजनेच्या नावातील 'ब्रॉडबँड' हा शब्द गेम स्ट्रीमिंगची हमी देत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओची फायबर सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. ऑगस्ट २०२० मध्ये तिची ३० एमबीपीएसची प्राथमिक योजना आली. इतर मोठ्या कंपन्यांबरोबर स्थानिक केबलचालकांच्या जोडण्याही या भागात आहेत. फायबर टाकणे अवघड असलेल्या इमारतींसाठी २०२३ पासून मुंबई परिसरात ५जी लहरींवर चालणारी एअरफायबर सेवा मिळू लागली. तिचा वेग पुरेसा असला तरी लहरींवरील जोडणीत विलंब कमी-जास्त होण्याचा संभव काचतंतूपेक्षा अधिक असतो.

भौगोलिक दृष्ट्या हा परिसर अनुकूल आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात ऐरोली, रबाळे व महापे येथे माहितीकेंद्रे उभी आहेत. हा भाग ठाणे जिल्ह्यातच मोडतो आणि डोंबिवली किंवा कल्याणपासून ऐरोली सरळ रेषेत २० किलोमीटरच्या आत आहे. या अंतराला काचतंतूतून जाऊन-येऊन केवळ ०.२ मिलिसेकंद लागतात. सेवेचा सर्व्हर मुंबई परिसरात असेल आणि जोडणी देणारी कंपनी माहिती दुसऱ्या शहरातून फिरवून आणत नसेल, तर अंतरामुळे होणारा विलंब नगण्य ठरतो. तेव्हा मर्यादा शोधायची ती घराच्या उंबरठ्याच्या आत.

घरातील मुख्य अडथळा वाय-फायचा असतो. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ व ११. एका मजल्यावर चार घरे असलेल्या इमारतीत वरच्या, खालच्या व शेजारच्या घरांचे राउटर याच तीन वाहिन्या वाटून घेतात. सायंकाळी सर्व घरे एकाच वेळी वापरात आल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ घटतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात जागा पुष्कळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये भारत सरकारने या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. परंतु या लहरी भिंतीतून कमी जातात. राउटर बहुधा जेथून तार घरात येते त्या दारापाशी किंवा आतल्या खोलीत बसवलेला असतो आणि संच बैठकीच्या खोलीत. मध्ये विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब आला की संच आपोआप २.४ गिगाहर्ट्झवर उतरतो. राउटरपासून संचापर्यंत तार टाकणे हा यावरचा सर्वांत खात्रीचा व स्वस्त उपाय आहे.

या भागात वीजपुरवठा महावितरणकडून होतो. पावसाळ्यात वीज क्षणभर गेली तरी राउटर व फायबरचे यंत्र पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे लागतात आणि तेवढ्यात खेळ तुटतो. ही दोन्ही यंत्रे लहान यूपीएसवर ठेवल्यास हा खंड टाळता येतो. गच्चीवरून गच्चीवर नेलेल्या तारांना पाऊस-वाऱ्याचा त्रास अधिक होतो.

रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट यांतील निवड

बिटरेट ठरावीक असेल तर रिझोल्यूशन व फ्रेम रेट दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत. एक वाढवल्यास दुसऱ्याच्या वाट्याचे बिट कमी होतात. कोणते आधी राखावे हे खेळाच्या स्वरूपावर अवलंबून असते. क्रिकेट, फुटबॉल, मोटारशर्यत व नेमबाजीच्या खेळांत चेंडू किंवा लक्ष्य वेगाने हलते. तेथे ७२०पी किंवा १०८०पी व ६० एफपीएस हे ४के व ३० एफपीएसपेक्षा उपयुक्त ठरते. बुद्धिबळ, कोडी, शहररचना व कथाप्रधान खेळांत मजकूर वाचावा लागतो आणि हालचाल मंद असते, म्हणून तेथे रिझोल्यूशनला प्राधान्य देता येते. ३२ इंची 'एचडी रेडी' संचावर ७२०पीपेक्षा अधिक रिझोल्यूशन मागवण्यात विशेष लाभ नाही, कारण पडद्यावर तेवढे बिंदूच नसतात.

अडथळा ओळखण्याची रीत

मर्यादा कोठे आहे हे एका वेळी एकच घटक बदलून ठरवता येते. विज्ञानाच्या प्रयोगात बाकी सर्व घटक स्थिर ठेवून एकच बदलतात, तेच तत्त्व येथे लागू होते.

१. संच राउटरला तारेने जोडून पाहावा. दोष नाहीसा झाल्यास अडथळा वाय-फायचा आहे.
२. तार जोडूनही दोष राहिल्यास रिझोल्यूशन एक पायरी उतरवावे. चित्र सुरळीत झाल्यास अडथळा बिटरेटचा किंवा डिकोडरचा आहे.
३. त्याच जोडणीवर लॅपटॉपवर तोच गेम चालवावा. तेथे तो नीट चालल्यास अडथळा संचाच्या डिकोडरमध्ये किंवा आउटपुटच्या ५०-६० हर्ट्झमध्ये आहे.
४. चित्र सुरळीत असूनही प्रतिसाद उशिरा मिळत असल्यास गेम मोड तपासावा.
५. गेम मोडनंतरही उशीर राहिल्यास सेवेच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचे ठिकाण व विलंबाचा आकडा पाहावा. सर्व्हर दूरच्या देशात असल्यास घरात करता येण्यासारखे फारसे उरत नाही.
६. दोष केवळ सायंकाळी येत असल्यास हीच चाचणी सकाळी करून तुलना करावी. तारेने जोडूनही सायंकाळीच वेग घटत असेल, तर अडथळा सेवा पुरवणाऱ्याच्या सामाईक जोडणीत आहे आणि तशी नोंद करून तक्रार करता येते.

अधिक वेगाची योजना किंवा नवा संच घेण्यापूर्वी ही चाचणी केल्यास खर्च नेमका कोठे करायचा ते कळते. अनेक घरांत तो काही मीटर तारेपुरताच असतो.

सर्वसाधारण गैरसमज

• ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर चित्र १०० एमबीपीएसपेक्षा चांगले दिसते: सेवा ४५ एमबीपीएसपेक्षा अधिक माहिती पाठवतच नसेल तर उरलेला वेग पडून राहतो. घरात एकाच वेळी अनेक जण इंटरनेट वापरत असतील तरच त्याचा उपयोग होतो.
• ४के संचावर प्रत्येक गेम ४केमध्ये दिसतो: संच कमी रिझोल्यूशनचे चित्र ताणून पडदा भरतो, त्याने नवा तपशील येत नाही.
• यूट्यूब नीट चालते म्हणजे गेमही चालेल: व्हिडिओला साठा असतो, खेळाला नसतो.
• महाग एचडीएमआय तारेने विलंब कमी होतो: तार आवश्यक क्षमतेची असली की पुरते, विलंब तारेच्या किमतीवर अवलंबून नसतो.